पुण्याचा खर्च बोरसीत बसून मांडताना

लेकीला पुण्याला पाठवलं, त्या वर्षी आम्ही महिन्याचे बारा हजार धरले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या खात्यात नऊशे रुपये उरले, आणि दिवाळीचं तिकीट अजून काढायचं होतं. तिनं उधळपट्टी केलेली नव्हती. आम्ही दोघांनी तिच्या वहीतला एकूण एक खर्च तपासला. नाव ठेवावं असं काही सापडलं नाही. चूक आमची होती. दुर्गातल्या बोरसीत, आमच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही एका महिन्याचा खर्च काढला आणि त्याला बारानं गुणलं. परगावी शिकणाऱ्या मुलाचं वर्ष बारा सारख्या तुकड्यांत येत नसतं. जूनमध्ये खर्च एकदम अंगावर येतो. ऑगस्ट निवांत जातो. ऑक्टोबरात परीक्षेचा फॉर्म, घरचं तिकीट आणि ताप एकाच पंधरवड्यात गाठतात. मे महिन्यात मूल घरी येऊन राहतं, तरी तिकडे खोलीचं भाडं चालूच असतं. म्हणून ज्यांच्या घरातून यंदा कोणी निघालं आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हे, की हिशेब वर्षाचा मांडा आणि मग तो महिन्यांत वाटा.

त्याआधी एक प्रश्न घरात मोकळेपणानं विचारून घ्या. पुणंच का? आपल्याकडच्या मराठी घरांना पुण्याची ओढ असते, ती मला समजते. घरात मराठी, बाहेर हिंदी-छत्तीसगढी अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला तिथे आपली भाषा रस्त्यावर ऐकू येते, याचं मोल पैशात होत नाही. पण साधी बी.एस्सी. किंवा बी.कॉम. करायची असेल, तर दुर्गात विश्वनाथ यादव तामस्कर महाविद्यालय आहे, रायपूरला १९६४ पासूनचं विद्यापीठ आहे, आणि गाडीनं चार-पाच तासांवर नागपूर आहे, तिथलं विद्यापीठ १९२३ चं. जो विषय किंवा जे शिक्षक पुण्यातच मिळतात त्यासाठी पुण्याचा खर्च करावा. फक्त शहरासाठी करायचा असेल तर पदवी इथे आणि पदव्युत्तर तिथे, असं मी सुचवेन. तीन वर्षांचे वाचलेले पैसे पुढच्या दोन वर्षांना पुरतात.

भिलाईच्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. पोलाद कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलाला घर, पाणी, दवाखाना यांना पैसे पडतात हे कळायची वेळच आलेली नसते. दुखलं-खुपलं की सेक्टर नऊचं हॉस्पिटल, खेळायला मैदान, फिरायला मैत्री बाग. पुण्यात यातल्या प्रत्येक गोष्टीला भाव आहे. आणि पाठवणारे आईबाप पुष्कळदा निवृत्त झालेले असतात. घर बांधून झालेलं, उरलेली पुंजी बँकेत, ईपीएस-९५ चं पेन्शन घरखर्चालाही अपुरं. मुलाला हे आकड्यानिशी सांगायला संकोच करू नका. ‘तू अभ्यासाकडे लक्ष दे, पैशाचं आम्ही बघतो’ हे वाक्य प्रेमाचं असतं, पण त्यामुळे मुलाला मर्यादा कळत नाही, आणि मर्यादा माहीत नसलेलं मूल एकतर बेफिकीर होतं नाहीतर उगीच उपाशी राहतं. माझी लेक दुसऱ्या प्रकारातली. पैसे मागायचं टाळण्यासाठी ती संध्याकाळी बिस्किटं खाऊन राहत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आता वही घ्या. मी खाली जे आकडे लिहिते आहे ते नमुना म्हणून. तुमच्या कॉलेजच्या भागातला भाव विचारून ते बदला, पण रकाने हेच ठेवा. फीचा हिशेब पूर्णपणे वेगळ्या पानावर.

समजा, तिघींच्या खोलीत कॉट बेसिसवर एक खाट साडेसहा हजारांना मिळाली. मेस साडेतीन हजार. नाश्ता, चहा आणि मेस बंद असते तेव्हाचं बाहेरचं जेवण मिळून दोन हजार. बस-मेट्रो आठशे, विजेचा वाटा चारशे, मोबाइल तीनशे, साबण-तेल-औषधगोळी सातशे, झेरॉक्स आणि वह्या पाचशे. बेरीज चौदा हजार सातशे. बहुतेक घरांत हिशेब इथे थांबतो. आम्ही तर याच्याही आधी थांबलो होतो, चहा-नाश्त्याची ओळ आमच्या वहीत नव्हतीच.

आता वर्षाचं बघा. भाडं अकरा महिन्यांचं, म्हणजे ७१,५००. बाकीचे ८,२०० दहा महिन्यांचे, म्हणजे ८२,०००. जूनमध्ये दोन महिन्यांचं डिपॉझिट १३,०००, गादी-बादली-चादर-टेबलफॅन-कुलूप ५,०००, आणि पोचवायला गेलेल्या दोघांचा प्रवास, राहणं, रिक्षा यांचे ६,०००. वर्षभरात येणारे पण महिन्याच्या हिशेबात न बसणारे खर्च, म्हणजे घरी येण्या-जाण्याची तिकिटं, परीक्षेचे फॉर्म, डॉक्टर, एखादा चष्मा, थंडीचं स्वेटर, वर्गाची सहल, मिळून १८,०००. एकूण १,९५,५००. बारानं भागलं तर जवळजवळ सोळा हजार तीनशे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्याच महिन्यात पावणेएकोणचाळीस हजारांच्या आसपास लागतात. डिपॉझिट परत मिळेल हे खरं, पण ते वर्षाच्या शेवटी.

हे आकडे बारा महिन्यांच्या बारा रकान्यांत एकदा कागदावर उतरले की फार मोठा फरक पडतो. जूनचे पैसे मार्च-एप्रिलपासून बाजूला काढता येतात. दर महिन्याला दीड हजार रुपये ‘ऑक्टोबर’ असं नाव देऊन वेगळे ठेवता येतात. आम्ही दुसऱ्या वर्षापासून ते पैसे लेकीकडे न देता आमच्याकडेच वेगळ्या खात्यात ठेवले. तिनंच तसं सुचवलं.

खोली हा सगळ्यात मोठा खर्च, म्हणून वेळही तिथेच घालवा. प्रवेश नक्की झाला त्याच दिवशी कॉलेजच्या वसतिगृहाचा फॉर्म भरा, मिळेल की नाही याचा विचार न करता. बाहेरच्या खोलीपेक्षा ते स्वस्त पडतं आणि जागा मोजक्या असतात. बाहेर बघायची वेळ आली तर फोटो बघून टोकन पाठवू नका. आमच्या भाच्यानं कॉलेजपासून ‘पाच मिनिटांवर’ म्हणून फोनवर ठरवलेल्या खोलीचे चार हजार आधी पाठवले. तिथे पोचल्यावर अशी खोलीच नव्हती. कोणा नातेवाइकांकडे चार दिवस राहा, पायी हिंडा. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत अजूनही जुन्या वाड्यांतल्या आणि इमारतींतल्या खोल्या कॉट बेसिसवर मिळतात. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं मोठ्या संख्येनं राहतात, त्यामुळे मेस, अभ्यासिका, झेरॉक्स सगळं पायाखाली असतं. लांबची स्वस्त खोली आणि जवळची महाग खोली यांची तुलना करताना बसचे पैसे आणि जाण्यायेण्याचे तास दोन्ही धरा. भाड्यात हजार वाचले आणि रोजचे दोन तास गेले, तर मी जवळची खोली घेईन.

खोली बघताना विचारायचे प्रश्न लिहूनच न्या. वीज भाड्यात की वेगळ्या मीटरवर, आणि युनिटला काय दर लावता? पाणी किती वेळ? डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का? मध्ये सोडली तर किती दिवस आधी सांगायचं? मे महिन्याचं भाडं पूर्ण की अर्धं? हे सगळं करारात यायला हवं. खोली किंवा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर घेत असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘आपल्यात कागद कशाला’ असं म्हणणाऱ्या काकांना हे नम्रपणे सांगा. आणखी एक: वसतिगृह किंवा पीजीच्या बिलात कोणी जीएसटी लावत असेल तर थांबा. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं ठरवल्याप्रमाणे माणशी महिना वीस हजार रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग नव्वद दिवस राहत असाल तर, हा कर माफ आहे. खोलीत पाऊल टाकल्या दिवशी भिंती, नळ, पंखा, खिडकीच्या काचा यांचे फोटो काढून मालकाच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवा. डिपॉझिट परत मागताना ते कामी येतात.

जेवणाबद्दल मला जरा जास्त लिहावंसं वाटतं, कारण मुलं पैसे वाचवायला सगळ्यात आधी इथेच हात घालतात. पुण्यातल्या बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी फीस्ट, रात्री काही नाही. म्हणजे महिन्यातून चार-पाच जेवणं बाहेर होणारच. ती हिशेबात आधीच घाला, नाहीतर प्रत्येक रविवारी हिशेब मोडल्यासारखं वाटतं. मेस ठरवण्याआधी खाड्याचा नियम विचारा. किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरणार, सलग किती दिवस नसाल तर पैसे वळते होणार? दिवाळीत पंधरा दिवस घरी असताना मेसचे पूर्ण पैसे भरणारी मुलं मी पाहिली आहेत. पहिल्या महिन्याचे पूर्ण पैसे लगेच भरू नका. आठवडाभर रोजच्या कूपनवर जेवून बघा. आपल्याकडच्या मुलांना दोन्ही वेळा भात लागतो, आणि तिकडे ताटात तीन पोळ्या आणि वाटीभर भात येतो. जिथे भात पुन्हा मागता येतो अशी मेस शंभर-दोनशे महाग असली तरी घ्या, कारण अर्धपोटी उठलेलं मूल दहा वाजता वडापाव खातंच.

चौघं मिळून स्वयंपाक करायचा ठरवत असाल, तर आधी गॅस, भांडी आणि घासणं यांचं ठरवा. हे जमलं तर मेसपेक्षा स्वस्त पडतं. परीक्षेच्या महिन्यात मात्र ते हमखास मोडतं, तेव्हा दोन महिन्यांचे मेसचे पैसे राखून ठेवा. घरून जाताना चिवडा, लाडू, ठेठरी, खुरमी द्याच. रात्री अकराच्या भुकेवर याहून स्वस्त उपाय नाही. आणि दूध, अंडी, शेंगदाणे, केळी ही ओळ वहीतून कधीच खोडू नका.

या बाबतीत एक सरकारी आकडा विचार करायला लावतो. महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, २०१६-१७ मध्ये सुरू झालेली. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले होते. त्यात भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. म्हणजे जेवण निवासाच्या दीडपटीहून जास्त. आमच्या वरच्या नमुन्यात मेस आणि बाहेरचं मिळून जेवणाला पंचावन्न हजार, आणि भाड्याला साडेएकाहत्तर. तराजू उलटा झाला आहे. भाड्यानं असं पुढे रेटलं की मुलं ताटातून कापतात. म्हणूनच मी म्हणते, कापायचं असेल तर खोलीत तिघींऐवजी चौघी राहा, पण जेवण राखा.

ही योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, हेही नीट समजून घ्या. आडनाव मराठी असलं तरी आपला अधिवास छत्तीसगढचा. तिथला रहिवासी कोटा आपल्याला लागू होत नाही आणि इथला जातीचा दाखला तिथल्या राज्याच्या आरक्षणात चालत नाही. याचा परिणाम थेट फीवर होतो, म्हणून प्रवेशाआधीच ‘बाहेरच्या राज्याचा विद्यार्थी’ म्हणून फी किती, हे विचारा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र ज्या राज्याचे रहिवासी त्या राज्याकडून मिळते, शिक्षण बाहेर घेत असलात तरी. तेव्हा त्यासाठी अर्ज छत्तीसगढकडेच करायचा. बारावीत आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती आहे. पदवीला वर्षाला १२,०००, पदव्युत्तरला २०,०००. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, आणि पुढे दर वर्षी नूतनीकरण. वरच्या नमुन्यातले जवळजवळ दोन महिन्यांचे भाड्याचे पैसे इथून निघतात. आणि शैक्षणिक कर्ज काढत असाल तर ते फक्त फीपुरतंच काढायचं असं नसतं. वसतिगृह, पुस्तकं, प्रवास हेही त्यात बसतात, आणि चार लाखांपर्यंत पदरचा वाटा भरावा लागत नाही. पण खाण्यापिण्यासाठी कर्ज शक्यतो टाळा.

प्रवासाचं थोडक्यात. पुणे–हावडा आझाद हिंद एक्सप्रेस दुर्गला थांबते. आपली मुलं तिनंच येतात-जातात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि दिवाळीच्या दिवसांत सकाळी उघडलेलं दुपारपर्यंत भरतं. ऑगस्टच्या पानावरच ती तारीख लिहून ठेवा. विद्यार्थ्यांना सुटीत घरी येण्यासाठी स्लीपर आणि सेकंड क्लासच्या मूळ भाड्यात पन्नास टक्के सवलत आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना पंच्याहत्तर टक्के. ती ऑनलाइन मिळत नाही. कॉलेजमधून प्राचार्यांच्या सहीचा फॉर्म आणून खिडकीवरच तिकीट काढावं लागतं. लेकीनं पहिल्या वर्षी याचा एकदाही फायदा घेतला नाही, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. शहरात पीएमपीएमएल बसचा विद्यार्थी पास काढा. पुणे मेट्रोत पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तिकिटात तीस टक्के सूट आहे. स्कूटर पाठवायचा मोह पहिल्या वर्षी तरी आवरा. पेट्रोल, पार्किंग, दंड आणि दुरुस्ती मिळून ती एका मेसइतकं खाते.

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, आणि वर्ष संपल्यावर ती तिथेच विकताही येतात. तेवढ्यावर भागतं.

कमाईबद्दल मुलं विचारतात. पुण्यात गरीब विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची काळजी समाजानं पूर्वीपासून वाहिली आहे. माधुकरी मागणं, वार लावून जेवणं हे एकेकाळी शिकण्याचाच भाग होतं. १९०९ मध्ये निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह माधुकरीवरच उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना स्वतःच्या श्रमावर शिकायला लावलं. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि त्याच्या संलग्न कॉलेजांत कर्मवीरांच्याच नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी ठरावीक तास काम आणि तासाप्रमाणे मोबदला. विद्यार्थी विकास विभागात जून-जुलैमध्येच चौकशी करा. यात कमीपणा काही नाही, आणि रक्कम लहान असली तरी ती महिन्याच्या महिन्याला येते. दुसरा मार्ग आपल्या मुलांच्या हातातच आहे. आपली हिंदी चांगली असते. आठवी ते दहावीच्या मुलांना हिंदी शिकवणाऱ्या मुलीला दोन शिकवण्या सहज मिळतात. पहिल्या सहामाहीत मात्र काही करू नका. शहर, कॉलेज आणि पोट तिन्ही स्थिरावू द्या. रात्रीची डिलिव्हरीची कामं मला मान्य नाहीत. त्यात पैसे दिसतात, पण सकाळची लेक्चरं जातात.

रोजचा खर्च आवरायला एकच युक्ती आम्हाला लागू पडली. दोन खाती. एकात भाडं, मेस आणि वीज, त्याला यूपीआय जोडायचंच नाही. दुसऱ्यात आठवड्याचे पैसे, दर सोमवारी आठशे. फोनवर पैसे देताना हातातून गेल्यासारखे वाटत नाहीत. आठशे संपले की संपले, हे मात्र शुक्रवारी कळतं. रूममेटला उसने दिलेले पैसेही त्याच दिवशी वहीत लिहायचे. ही वही आम्हाला दाखवण्यासाठी नव्हती, तिची तिनं बघण्यासाठी होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनवर तिचे बाबा फक्त एवढंच विचारत, कोणत्या ओळीत कमी पडलं? कशावर उडवले, असं त्यांनी विचारलं असतं तर ती खरं सांगायची बंद झाली असती.

आजारपणाचे पाच हजार वेगळे, हात न लावता ठेवायचे. आयुष्मान कार्ड असेल तर सोबत द्या, ते दुसऱ्या राज्यातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयातही चालतं; पण ते भरती झाल्यावर. बाहेरून डॉक्टरला दाखवणं, रक्ततपासणी, औषधं खिशातूनच. पुण्यात डेंग्यूच्या दिवसांत एका आठवड्यात तीन वेळा रक्त तपासायला सांगतात.

आणि एप्रिल आला की शेवटचं पान. खोली बदलायची असेल तर करारात लिहिलेल्या मुदतीआधी मालकाला लेखी कळवा, जूनमधले फोटो शोधून ठेवा, विजेचं शेवटचं बिल भरल्याची पावती घ्या, आणि डिपॉझिट खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. गादी, बादली, टेबलफॅन भंगारात टाकू नका. लेकीची गादी गेल्या जूनमध्ये दुर्गातून गेलेल्या एका मुलीकडे गेली. तिच्या आईनं आमच्या ओट्यावर बसून बारा रकाने आखले, आणि पहिल्या रकान्यातला गादीचा आकडा खोडला.